लुगड्यानं अंग पुसलं, हे खरं

"ही पॅसेंजर नाही हो. ही आमची कामाची बाई आहे. हिची टिप कशाला लावली?"

साहेबांनी हे मोठ्यानं विचारलं. जहाजाच्या पाचव्या मजल्यावर, बिलाच्या काउंटरपुढं, पंधरावीस माणसांच्या रांगेत. बोट माझ्याकडं. तोंडाकडं नव्हे. दुकानात आपण बरणी दाखवतो तसं, कुठंतरी छातीच्या आसपास. रांगेतल्या बाया वळून बघायला लागल्या. एक हसली. तिच्या नवऱ्यानं मोबाइलमधून डोकं वर काढलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि डोकं पुन्हा मोबाइलमध्ये घातलं.

माझ्या हातात आक्कांच्या चाकाच्या खुर्चीचा दांडा होता. तो मी घट्ट धरला. सोडला असता तर हात कुठं ठेवावेत ते कळलं नसतं.

काउंटरमागचा माणूस मराठी निघाला. कोकणाकडचा असावा. तो म्हणाला, "सर, जहाजाच्या यादीत ह्या गेस्टच आहेत."

ह्या.

साहेबांच्या घरी मी अकरा वर्षं होते. घरात मला "मावशी, तुम्ही" असंच बोलायचे, खोटं कशाला सांगू. पण ते चार भिंतींत. चार लोकांत खर्चाचा विषय निघाला आणि मी "ही" झाले. आणि ज्याला माझं नाव ठाऊक नाही तो परका माणूस "ह्या" म्हणाला. हे दोन शब्द एकामागोमाग कानावर पडले नसते तर मी काहीच न कळता घरी आले असते, आणि समुद्र किती निळा होता ते गल्लीत सांगत बसले असते.

आता नीट सांगते. मी बेंबळीकडची. आमचं घर मेंढरांचं. मालक वारले, मेंढरं विकली, आणि मी धाराशिवला साहेबांकडं लागले. साहेबांचा बांधकामाचा धंदा. त्यांच्या आई म्हणजे आक्का. ऐंशी पार केलेल्या, पाय गेलेले. त्यांचं उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं, सगळं माझ्याकडं. शाळा मी पाहिली नाही. अक्षरं शिकले ती धाराशिवच्या स्टँडवर, गाड्यांच्या पाट्या वाचून. आधी "तुळजापूर" आलं, मग "बार्शी", मग "लातूर". नंतर आक्कांना पेपर वाचून दाखवायला लागले. आणि सही करायला तर मला लई आवडतं. कुरियरवाला आला की मीच पुढं. पूर्ण नाव, बापाचं, सासरचं, सगळं लिहिते. कुरियरवाला म्हणायचा, "मावशी, गाडी चालू ठेवलीय मी खाली."

साहेब आणि वहिनींच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, म्हणून जहाजाची सहल निघाली. मुंबईहून निघायचं, समुद्रात फिरायचं, परत मुंबई. आक्कांना मागं ठेवणार कुठं? त्यांना आणायचं म्हणजे मला आणायचं. वहिनी शेजारणीला सांगत होत्या, "मावशींना पण नेतोय बाई, त्यांनी कधी जन्मात बघितलंय का जहाज!" मी पण हरखले. भावजयीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "वन्सं, येताना समुद्र आना डब्यात."

निघायच्या आधी महिनाभर साहेब मोबाइलवर बघत बसायचे, जहाजावर पैसे कसे वाचवायचे. पाण्याची बाटली घेऊ नका, न्याहारीच्या वेळी भरून घ्या. वायफाय घेऊ नका. फोटोवाल्यापुढं उभं राहू नका. सगळं पाठ. बंदरावर प्रत्येकाला एक कार्ड मिळालं. त्याच कार्डानं खोली उघडते, त्याच कार्डावर खर्च चढतो. माझं कार्ड साहेबांनी माझ्या हातातून घेतलं आणि खिशात टाकलं. "मावशी, ज्याला कार्ड लागतं त्याला हात लावायचा नाही. आक्कांच्या कार्डानं दार उघडा." मी म्हटलं, व्हय.

आम्हा दोघींची खोली आतली, खिडकी नसलेली. समुद्र भिंतीपलीकडं होता म्हणे. पहिला दिवस मी खोलीतच. वहिनी कागदी रुमालात पोळी आणि बटाट्याची भाजी बांधून आणायच्या, आक्कांना आणि मला. मला वाटलं, जेवणाचं कार्ड साहेबांच्या खिशात आहे, म्हणजे आपल्याला वर जायची परवानगी नसेल.

ही समजूत फुलमनीनं मोडली. फुलमनी आमची खोली आवरायला यायची. झारखंडची, पस्तिशीची बाई, दोन मुली गावाकडं आईपाशी. जहाज हाललं की आक्कांना ओकारी व्हायची. पहिल्याच दुपारी सगळं अंथरुणावर. मी लाजून फडकं शोधायला लागले, तर ही बाई आली, आक्कांना एका हातानं धरलं, दुसऱ्या हातानं चादर ओढली, नवी घातली, तोंड पुसलं. नाक मुरडलं नाही. मी हे काम अकरा वर्षं करते. कुणाच्या हातात किती माया आहे ते मला लांबून कळतं.

माझ्या मांडीवरचा कागदी रुमाल बघून ती म्हणाली, "माँजी, ये क्या? आपका खाना तो टिकट में है. ऊपर जाओ, जो मन करे खाओ." मी म्हटलं, "कार्ड नही मेरे पास." ती म्हणाली, "खाने को कार्ड नहीं लगता." असं कळलं मला. वहिनींना ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. मी वर जेवले तर आक्कांपाशी त्यांना बसावं लागलं असतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी न्हाणीतून बाहेर आले तर माझ्या पलंगावर टॉवेलाचं मेंढरू. खरं सांगते! पांढरं, कान खाली पडलेले, चार पाय पोटाखाली घेऊन बसलेलं. फुलमनी दारात हसत उभी. "खरगोश है माँजी." मी म्हटलं, "खरगोश कसला, मेंढरू हाय हे." तिला मेंढरू शब्द कळेना, मग मी "बँऽऽ" करून दाखवलं. आक्कासुद्धा हसल्या, दात नसलेल्या तोंडानं. आता ते मोडून अंग कसं पुसणार? दुसरा टॉवेल आक्कांना घेतलेला. मी आपलं कालच्या लुगड्यानं अंग पुसलं आणि मेंढरू तसंच पलंगावर ठेवलं. संध्याकाळी वहिनींना कौतुकानं सगळं सांगितलं. मेंढरू, खरगोश, लुगडं, सगळं. वहिनी पोट धरून हसल्या.

वहिनींनी ते साहेबांना सांगितलं.

आता पुन्हा काउंटरवर या. उतरायच्या आदल्या दिवसाची सकाळ. कोकणातला तो माणूस साहेबांना समजावत होता. इथं टिप म्हणजे कुणाच्या हातावर खुशीनं ठेवायचं बक्षीस नव्हे. दर माणशी, दर रात्रीला ठरलेली रक्कम बिलात लागते, ती खोली आवरणाऱ्यांपासून ताटं धुणाऱ्यांपर्यंत सगळ्यांत वाटली जाते. साहेब म्हणाले, तिघांची घ्या, हिची काढा. तो म्हणाला, असं होत नाही. आणि मग त्यानं, बहुतेक नियम म्हणूनच, सांगितलं, "सेवेबद्दल तक्रार असेल तरच कमी करता येतं. पण ती त्या गेस्टनं स्वतः करावी लागते."

साहेबांना हे मोबाइलवरून ठाऊकच होतं. ते माझ्याकडं वळले. आता आवाज एकदम घरातला. "मावशी, काल अंग कशानं पुसलं तुम्ही?"

"लुगड्यानं."

"टॉवेलानं नाही ना?"

"न्हाय."

"झालं. करा इथं सही."

कागद इंग्रजीत. साहेबांनी भराभर चार ओळी लिहिल्या, पेन माझ्या हातात दिला. आणि मी सही केली. पूर्ण नाव. बापाचं, सासरचं, सगळं. वेळ लागला तर रांगेतला माणूस म्हणाला, "आजी, इस्टेट लिहून देताय का?" लोक हसले. मी पण हसले. हे मला आजही आठवतं, की मी पण हसले.

बाराच्या सुमाराला दार वाजलं. फुलमनी, आणि तिच्यासोबत काळ्या कोटातला तिचा साहेब. हातात तो कागद. मागं दारात आमचे साहेब येऊन उभे राहिले. कोटवाल्यानं कागद बघून हिंदीत विचारलं, "आपने लिखा है कि आपको टॉवल नहीं मिला, अपनी साडी से बदन पोंछना पडा. सही है?"

माझ्या पलंगावर मेंढरू बसलेलं. कोटवाल्यानं त्याच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं.

फुलमनी म्हणाली, "माँजी, मैंने दिया था ना?"

एवढंच. रडली नाही, ओरडली नाही. रस्ता विचारावा तसं विचारलं.

साहेब दारातून माझ्याकडं बघत होते. मी आक्कांची चादर सारखी केली. सारखीच होती ती. कोटवाल्यानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि दोघं गेले. जाताना फुलमनीनं आक्कांचा रिकामा पेला उचलून नेला. काम होतं तिचं, नेला.

तिनं मला आधीच सांगितलेलं होतं, तिचा करार ह्या महिन्यात संपतोय. कामाचा कागद कोरा, म्हणजे बिनतक्रारीचा, राहिला तर पुढचे आठ महिने मिळतील. धाकटी वरच्या वर्गात जाणार होती, तिची फी त्यातूनच भरायची होती. आता तो कागद कोरा राहिला नव्हता. त्यावर माझं नाव होतं, वळणदार.

मी पलंगावर बसले आणि मला माझा बाप दिसला.

मी आठनऊ वर्षांची असेन. आमची मेंढरं एका मोठ्या शेतकऱ्याच्या रानात बसवलेली. मेंढरं रात्रभर रानात बसली की लेंडीमुताचं खत होतं, त्याच्या बदल्यात ज्वारी मिळते. त्याला तो शेतकरी "खुशी" म्हणायचा. आमच्या खतावर त्याचं रान पिकायचं, आणि आम्हाला मिळायची ती त्याची खुशी. द्यायच्या दिवशी त्यानं मला जवळ बोलावलं, हातावर गूळ ठेवला आणि गोड आवाजात विचारलं, "पोरी, एखादं मेंढरू बांधावर गेलतं का गं?" गेलं होतं एक, सावलीला. मी म्हटलं, "व्हय, गेलतं." तो बापाला म्हणाला, "बघ, तुझीच लेक सांगतीया. बांधावरची तूर खाल्ली तुझ्या मेंढरानं." ज्वारी निम्मी झाली. बांधावर तूर नव्हतीच. बाप मला काही बोलला नाही. वाटेनं एकदा फक्त म्हणाला, "इचारत्यात तवा कशापायी इचारत्यात ते बघावं, बाळा." आणि पुढं चालायला लागला.

पन्नास वर्षांत मी हे विसरले नव्हते. पण ते मी बापाचा अपमान म्हणून लक्षात ठेवलं होतं. त्या खोलीत कळलं की तो माझ्या तोंडानं केलेला होता. खोटं एक अक्षर मी तेव्हा बोलले नाही, आजही नाही. लुगड्यानं अंग पुसलं, हे खरं. पण मोठ्या माणसांना द्यायचं जिवावर आलं की ते आपलंच खरं आपल्याकडून मागून घेतात आणि दुसऱ्या गरिबाच्या ताटात माती म्हणून टाकतात. वर पुन्हा सही आपली.

मी उठले. आक्का म्हणाल्या, "कुठं गं?"

"काउंटरवर. ते लिहिलेलं मोडायला."

"येडी का खुळी? जाऊ दे की. ती आपली कोण लागती?"

"आन मी तुमची कोण लागते, आक्का?"

"तू तर घरचीच हाईस."

"घरच्या माणसाची टिप वाचवित्यात व्हय?"

 त्यांना एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून खुर्चीत घातलं आणि सोबत घेतलं. लिफ्टमध्ये त्या म्हणाल्या, "माझा लेक चिडंल." मी म्हटलं, "चिडू द्या."  शूर वगैरे काही नव्हते मी. नोकरी जाणार हे मला त्या लिफ्टमध्येच दिसत होतं. साठी उलटलेली, घर भावजयीचं, डोक्यावर दुसरं छप्पर नाही. लिफ्टच्या आरशात माझं तोंड पांढरं पडलेलं होतं.

काउंटरवर तोच कोकणातला माणूस. म्हणाला, "कार्ड, आजी?"

"साहेबांच्या खिशात हाय. नाव सांगते." नाव सांगितलं. मग म्हटलं, "सकाळी म्या सही केली ती खोटी. म्हंजे सही खरी, लिहिलेलं खोटं. मला कागद द्या. मराठीत लिहिते."

"मराठीत..." तो थांबला. मग म्हणाला, "लिहा. मी खाली इंग्रजी करतो."

मी उभ्यानं लिहिलं. "टॉवेल मिळाला होता. चांगला मिळाला होता. त्याचं मेंढरू केलेलं होतं म्हणून मी मोडला नाही. फुलमनीबाईंनी आमच्या आक्कांची घाण काढली. माझी तक्रार नाही. सकाळचा कागद मला वाचता येत नव्हता." स्टँडवरच्या पाट्यांसारखी मोठीमोठी अक्षरं. ह्या वेळी रांगेत कुणी हसलं नाही. का ते ठाऊक नाही. बहुतेक मी त्यांच्याकडं बघितलंच नाही.

कुणीतरी सांगितलं असेल, साहेब आले. वहिनी मागं. साहेब हळू आवाजात म्हणाले, "मावशी, खोलीत चला. घरी गेल्यावर बोलू."

"हितंच बोला. सकाळी हितंच बोलला व्हता."

"तमाशा करू नको."

तू. बरं झालं, मी मनात म्हटलं, आता सगळं उघड्यावर आलं.

"साहेब, माझी टिप बिलात लावा."

"तुझ्या पगारातून कापतो मग!"

सकाळी हे म्हणाले असते तर मी खुशाल हो म्हटलं असतं. वर आभार मानले असते. तोंडावर आलंच होतं, की कापा, फिटलं. पण मग माझ्या लक्षात आलं, की असं केलं तरी वाचणार साहेबांचेच, आणि वजा होणार माझ्यातूनच.

मी म्हटलं, "का म्हणून? म्या हितं फिराया आले न्हाय. तुमच्या आईचं करायला तुम्ही आणलं. माझ्या मागं जे लागतं ते तुमचं. त्या बाईचं देणं तुमच्याकडं हाय, माझ्याकडं न्हाय."

"अकरा वर्षं आमचं मीठ खाल्लं हिनं," वहिनी काउंटरवाल्याला सांगायला लागल्या.

"खाल्लं की," मी म्हटलं. "ह्या हातानं सैपाकात घालून खाल्लं. कामाचं खाल्लं."

काउंटरवाला मान खाली घालून टाइप करत होता. म्हणाला, "सर, रक्कम पुन्हा लागली आहे." साहेबांनी माझं कार्ड खिशातून काढून काउंटरवर आपटलं. आक्का खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या. झोपल्या नव्हत्या.

मी त्या माणसाला विचारलं, "त्या बाईवरचा शेरा पुसला का?"

तो खोटं बोलला नाही. "आजी, तो रिपोर्ट वर गेलाय. तुमचा कागद मी जोडतो. पुढं ते काय करतील ते माझ्या हातात नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी उतरताना फुलमनी वाटेत सामानाच्या रांगेपाशी उभी होती. मी थांबले. म्हटलं, "मैने लिख दिया." ती म्हणाली, "पता चला." मग आक्कांच्या खुर्चीचं चाक उंबऱ्यावर अडकत होतं, ते तिनं उचलून दिलं आणि दुसऱ्या पाहुण्यांकडं वळली. हसली नाही, आणि मी तिच्याकडून हसू मागायला नको होतं. आदल्या दुपारी जेव्हा ती विचारत होती तेव्हा मी चादर सारखी करत होते. ते तिनं विसरावं असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? तिला पुढचा करार मिळाला का नाही, मला आजपर्यंत कळलेलं नाही.

मुंबईहून धाराशिवपर्यंत आगगाडीत कुणी माझ्याशी बोललं नाही. आक्कांना मी वेळेवर औषध दिलं, भरवलं, नेलं-आणलं. स्टेशनवर उतरल्यावर साहेबांनी सांगितलं, उद्यापासून येऊ नको. मी म्हटलं, आजपासूनच. आक्कांच्या पायांवर हात ठेवला. त्यांनी माझा हात धरला, आणि लेकानं बघितल्यावर सोडला.

पाच महिने भावजयीकडं काढले. तिच्या घरात टोमणे खाल्ले ते वेगळे. आता पुन्हा धाराशिवात, दुसऱ्या एका घरी एका म्हाताऱ्या बाबांचं करते. परवा तिथल्या ताई मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाल्या, "मावशी, भांडीवाली दिवाळीचं पोस्त मागतेय. तुम्ही दिवसभर असता. ती उशिरा येते ना? तिच्यासमोर एकदा तेवढं म्हणा."

येते ती उशिरा. कधीकधी. खरं आहे.

मी म्हटलं, "ताई, म्या म्हणणार न्हाय. तुम्हाला द्यायचं नसंल तर तुमच्या तोंडानं न्हाय म्हणा."

ताई ठेवतील का काढतील, अजून कळलेलं नाही. काढलं तर तिसरं घर बघीन. तिथं गेल्या गेल्या, पगाराच्याही आधी, एवढं सांगीन: हे हात कामाला घ्या, पडेल ते करतील. तोंड भाड्यानं मिळणार नाही.